ज्वालामुखीच्या काठचा वजनकाटा

"अमेरिकेत, ज्वालामुखीच्या काठावर, मी एक खोटा काटा पकडलाय," मी म्हटलं. "तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचा बसला नाही. तुम्ही तर सरकारी माणूस, कागद दाखवा म्हणाल."

"कागद नको, सर," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "चहा संपेपर्यंत सांगा. मग मला मिरजेची गाडी गाठायचीय."

मॅडम वजनमापे खात्यात नव्या आलेल्या. तीस वर्षं मी ज्या खुर्चीवर बसून दुकानदारांच्या काट्यांची नाडी बघितली, ती खुर्ची आता त्यांची. त्या दिवशी जयसिंगपुरात काट्यांवर शिक्के मारायचं शिबिर आटपून त्या सातगोंडा चौगुलेच्या किराणा दुकानात चहाला टेकल्या होत्या. मी तिथं रोजच टेकलेला असतो. निवृत्त माणसाला दोनच जागा, देऊळ नाहीतर दुकान. देवळात कुणी बोलू देत नाही.

सातगोंडा गादीवर बसून मोहरीच्या पुड्या बांधत होता. ही गोष्ट त्यानं निदान वीस वेळा ऐकलीय. ऐकतो, पुड्या बांधतो, बरं वाईट काही बोलत नाही. जैन माणूस. खोटं बोलायचं नाही म्हणून निम्मा वेळ गप्प बसतो.

"दहा वर्षं झाली," मी सुरू केलं. "मार्चअखेर मी निवृत्त झालो आणि मे महिन्यात आमच्या मेधाकडे गेलो, अमेरिकेला. मी आणि आमच्या मंडळी. आता अमेरिका म्हणजे तिथं जे बघायचं ते सगळं उंच, नाहीतर महाग. पण कुमुदचा हट्ट एकच. मला ज्वालामुखी दाखवा."

कुमुद नगरपालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी सातवीच्या फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढायची. खाली रसाचं तळं, मधोमध नळी, वर राखेचा ढग. लाल खडू शाळेतून मिळायचा नाही, तो ती पदरचे पैसे घालून आणायची आणि चित्र काढून झालं की उरलेला तुकडा डबीत ठेवून घरी यायची. "तीस वर्षं डोंगराचं पोट फाडून दाखवलं," असं ती म्हणायची, "एकदा डोंगराला तोंड तरी दाखवून येऊ."

मग काय. जावयानं सुट्टी काढली, हवाई बेटाची तिकिटं काढली. त्या बेटावर ज्वालामुखी असे पेटलेले असतात जशा आपल्याकडे दिवाळीत चुली. एका ठिकाणी मी पापड धरला, भाजून निघाला.

"पापड?" मॅडम म्हणाल्या.

"उडदाचा. कुमुदनं बॅगेत नेलेला."

"आणि जवळ कसे गेलात? हजार अंश असतं ना ते?"

"लांब चिमटा होता," मी म्हटलं. सातगोंडानं पुडीला दोरा गुंडाळला आणि दातानं तोडला.

तर हेलिकॉप्टर. विमानतळाच्या कडेला एक पत्र्याची शेड, आत गल्ल्यावर कानात फूल खोचलेली एक धिप्पाड मुलगी. तिच्या पुढ्यात काय असावं? काटा. माणूस उभा राहील एवढा, खाली लोखंडी पाटा आणि वर आकडे. हेलिकॉप्टरात बसायचं तर आधी काट्यावर चढायचं. बूट, पर्स, कॅमेरा, सगळ्यासकट. बैलगाडी भरताना पुढं ओझं झालं तर बैलाच्या मानेवर येतं आणि मागं झालं तर जू वर उचलतं, तसंच त्याचंही असतं. हलकी माणसं पुढं, जड माणसं मागं, कोण कुठं बसणार हे काटा ठरवतो. नवराबायको म्हणून शेजारी बसायचं, असलं काही चालत नाही.

मॅडम, मला तो धंदा फार आवडला. गिऱ्हाईक आपल्या पायानं काट्यावर चढतंय आणि कुणी कुरकुरत नाही, असं दुकान मी जन्मात बघितलं नव्हतं.

पहिला चढला टेक्सासचा एक गृहस्थ. काटा तीनशे दहावर गेला. पौंड हो, किलो नव्हेत. त्याला दोन खुर्च्यांचे पैसे पडले. नंतर तो वर एकदा शिंकला तर हेलिकॉप्टर चार हात डावीकडे सरकलं, पण ते पुढं येईल.

मग मी चढलो. एकशे बहात्तर. मनातल्या मनात किलो केले, अठ्ठ्याहत्तर. घरून निघताना अठ्ठ्याहत्तरच होतो. मी काट्याला हात लावून नमस्कार केला. मग मेधा चढली, तिचंही तिच्या सांगण्याबरहुकूम आलं. जावई आणि नात खालीच थांबणार होते, नात दीड वर्षाची होती.

मग कुमुद.

अंगात दोन स्वेटर. त्या बेटावर आपल्या एप्रिलसारखा उकाडा, सगळा गाव अर्ध्या चड्डीत हिंडतोय, आणि हिला गार लागायचं. अमेरिकेला आल्यापासूनच लागायचं. खांद्याला ही एवढी पर्स, त्यात पाण्याची बाटली. ती काट्यावर उभी राहिली, आकडे थोडे हलले आणि थांबले.

ब्याण्णव.

"वा," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "तुम्ही सगळ्यांत हलक्या. तुम्ही पुढं, पायलटशेजारी. सगळ्यांत चांगली जागा."

कुमुद खुलली. काट्यावरून अशी उतरली जसा काही तो तापलेला तवा होता.

"ब्याण्णव म्हणजे?" मॅडमनी कप खाली ठेवला.

"बेचाळीसला थोडे कमी."

"आणि असायचं किती?"

"अठ्ठावन्न."

मॅडम, मी तुम्हाला आमच्या घरची रीत सांगतो. दर पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला की मी आमच्या घरात काटा काढत असे. सगळ्यांची वजनं. मेधा जन्मली त्या वर्षापासून. भिंतीवर पेन्सिलनं लिहायचो. शेजारीपाजारी हसायचे, पण माझा नेम चुकला नाही. कुमुदच्या नावापुढं वीस वर्षं अठ्ठावन्न. एकदा एकोणसाठ झाले तर आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी. आम्ही अमेरिकेला गेलो त्या वर्षी पाडव्याला ती नेमकी बहिणीकडे गेली होती, निपाणीला. म्हणाली, राहिलं तर राहिलं एका वर्षाचं, मी काय साखर आहे?

म्हणजे एक तर तो काटा खोटं बोलत होता, नाहीतर कुमुद. काटे खोटं बोलतात हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं त्याचाच पगार खाल्ला होता. मी म्हटलं, काटा.

"मेधा," मी म्हटलं, "ह्या गल्ल्यावरच्या मुलीला म्हणावं, पन्नास पौंडाचं प्रमाणित वजन आहे का? असलं तर पाट्यावर ठेव, मी बघतो."

"बाबा, इथे तरी नको."

"अगं, सोळा किलोचा फरक येतोय."

"बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही मॉलमध्ये भाजीचा काटा उलटा करून बघितलात. त्यांनी सिक्युरिटी बोलावली होती. प्लीज."

"भाजीचा काटा बरोबर होता. हा चुकलाय."

"अहो, चला की," कुमुद दारातून म्हणाली. "पंखा सुरू झाला."

तिच्या डोक्यावरचे केस पंख्याच्या वाऱ्यानं उभे राहिले होते आणि ती हसत होती. मी तिच्या मनगटाला धरायला गेलो, तेवढ्यात एका माणसानं माझ्या गळ्यात जाकीट अडकवलं, दुसऱ्यानं मान वाकवायला लावली आणि मला आत कोंबलं. मागं मधोमध मी, डावीकडे मेधा, उजवीकडे टेक्सास. पुढं पायलट आणि त्याच्याशेजारी कुमुद. पट्टे करकचून आवळले. कानावर डबे चढवले. दार लागलं.

आणि पन्नास मिनिटं मला तिच्याशी बोलता येईना.

ते यंत्र असं आहे की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. कानातल्या डब्यात एकटा पायलट बोलतो. मध्ये मध्ये गाणी लावतो. खाली बघा, उजवीकडे बघा, ह्या काळ्या खडकाखाली पूर्वी अख्खं गाव होतं. मी खाली बघत नव्हतो. माझ्यापुढं खुर्चीची पाठ होती आणि तिच्यावरून कुमुदची मान दिसत होती, स्वेटरच्या गळ्यातून वर आलेली. पुडी हातात घेऊन पंधरा ग्रॅमची चोरी ओळखणारा मी माणूस. ह्या सातगोंडाला विचारा. एकदा ह्याच्या बापाची साखरेची पिशवी मी नुसती उचलली आणि म्हटलं, काका, एक चमचा कमी आहे. होता. आणि ती मान मी रोज बघत होतो, सकाळ-संध्याकाळ, पस्तीस वर्षं.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "राहू दे हवं तर."

"राहू दे काय? अजून टेक्सास शिंकायचाय."

मागच्या लोकांना मिळून एक माइक होता, काळ्या वायरीचा. बटण दाबून बोललं की पायलटला ऐकू जातं. तो टेक्सासच्या मांडीवर पडला होता. मी खूण केली, त्यानं दिला. मी बटण दाबलं.

"कुमुद," मी म्हटलं, "तुझं वजन किती?"

मला काय माहीत की ते सगळ्यांच्याच कानात वाजतं. मेधानं माझा दंड धरला. टेक्सास माझ्याकडे बघून अंगठा वर करून हसला, त्याला वाटलं मी ज्वालामुखीची तारीफ करतोय. पायलट म्हणाला, मागच्या काकांना बरं वाटत नाहीये का, पिशवी समोरच्या खिशात आहे.

"कुमुद, अगं, अठ्ठावन्न ना?"

ती वळली नाही. तिच्याकडे माइक नव्हता. तिनं नुसता हात वर केला आणि बोट खाली दाखवलं. खाली बघा.

मग मी खाली बघितलं.

मॅडम, तुम्ही गुऱ्हाळ बघितलं असेल. काहिलीत रस उकळत उकळत गुळावर येतो, तेव्हा वरती काळपट साय धरते आणि मध्येच ती फाटून आतला लाल-पिवळा बुडबुडा वर येतो. तेच. फक्त काहील एवढी की तिच्यात आपलं जयसिंगपूर स्टेशनासकट मावावं. साय फाटत होती आणि मिटत होती. एका बाजूनं पाट फुटला होता, तो लाल पाट वाकडातिकडा उतरत समुद्राला मिळत होता आणि समुद्र तिथं धुरासारखा वर उडत होता. हेलिकॉप्टर वाकडं झालं, पायलटनं मुद्दाम तिची बाजू खाली केली. कुमुदनं दोन्ही हात काचेला टेकवले. मग एक हात उचलला आणि बोटानं काचेवर काढायला लागली. खालून वर नळी. वर ढग. पायलट मान वळवून बघत होता, ही बाई काय करतेय. तिनं त्याला समजावलंसुद्धा, मराठीतून, आणि त्याला ऐकू येत नव्हतं तरी तो मान डोलवत होता.

मी बटण दाबून बसलो होतो. बोलायचं तरी काय? वजन विचारून झालं होतं. मला एवढंच कळत होतं की खाली उतरायला अजून अर्धा तास आहे, तो अर्धा तास संपू नये, आणि लवकर संपावा. माझ्या मागं काट्यांची आख्खी फौज होती, तागड्या, सोन्याचे काटे, ट्रकचे काटे. त्यातला एकही तिथं उपयोगाचा नव्हता. पट्टा आवळलेला, दोन्हीकडून माणसं, आणि ती माझ्यापासून दीड हातावर.

मेधानं माझ्या हातातला माइक काढून घेतला. तिचंही तोंड उतरलं होतं. ती आईच्या मानेकडे बघत होती.

"मग शिंकला का तो?" मॅडमनी विचारलं. त्यांचा चहा गार झाला होता.

"शिंकला की. चार हात डावीकडे गेलो. पायलट म्हणाला, देवाची कृपा, नाहीतर गेलो होतो तळ्यात."

"आणि उतरल्यावर?"

उतरल्यावर कुमुदला दोघांनी हात देऊन खाली घेतलं. ती म्हणाली, "फळ्यावरचं माझं सगळं चुकलं हो. नळी अशी सरळ नसतेच. मुलांना उगाच चुकीचं शिकवलं इतकी वर्षं." आणि माझ्याकडे बघून हसली. "तुम्ही काय ओरडत होता माइकवर? काही कळलं नाही मला."

शेडमध्ये काटा तसाच उभा होता. पुढच्या फेरीची माणसं रांगेत होती.

मी थांबलो. सातगोंडाची पुडी बांधून झाली होती, तो दुसरी घेत नव्हता.

"आणि मग, मॅडम," मी म्हटलं आणि मांडी बदलली, "मग मी माझ्या मूळ पदावर आलो. मी म्हटलं, मॅनेजरला बोलवा. आला. सहा फुटी, टाय लावलेला. मी त्याला इंग्रजीतून सांगितलं, मी महाराष्ट्र शासनाचा वजनमापे निरीक्षक. हा काटा मी तपासणार. त्याचं तोंड पांढरं. आतून पन्नास-पन्नास पौंडांची दोन वजनं आणली. मी पाट्यावर ठेवली. शंभर यायला पाहिजेत. आले किती? चौसष्ट. छत्तीस पौंड खाल्ले होते त्या काट्यानं. रांगेतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी खिशातून शिशाचं सील काढलं, मी ते नेहमी जवळ ठेवतो, आणि तिथल्या तिथं काट्याला सील ठोकलं. मॅनेजरनं माझ्या गळ्यात फुलांची माळ घातली. पायलटनं सलाम केला. कुमुद म्हणाली, बघा, उगाच घाबरलात. अठ्ठावन्नच आहे मी."

एक गिऱ्हाईक काडेपेटी घेऊन गेलं.

"सर," मॅडम म्हणाल्या. त्या खालच्या आवाजात, जपून बोलत होत्या, पण शेवटी खात्यातल्याच. "काटा छत्तीस पौंड खात होता, तर तुमचं वजन बरोबर कसं आलं?"

"माझ्या वेळी बरोबर होता. मग बिघडला."

"मध्ये फक्त तुमची मुलगी चढली."

"समुद्राची हवा. तिथं लोखंड बघता बघता गंजतं."

"दोन मिनिटांत?"

"मॅडम, तुम्ही तिथं होता का मी?" मी म्हटलं. आवाज थोडा चढला असावा. "तुम्ही नोकरीला लागून महिना झाला. काटा खोटा होता. ह्या सातगोंडाला विचारा, तीन पिढ्या काट्यावर बसल्यात त्यांच्या. काय रे अण्णा? सांग ह्यांना. खोटा होता की नव्हता?"

मी त्याला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

सातगोंडानं दोऱ्याचं रीळ बाजूला ठेवलं. हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर होता, साहेब."

"तुला काय माहीत? तू हवाईला होतास?"

"न्हाई. वैनी हितं आल्त्या. तुम्ही जायच्या आधल्या आठवड्यात, दुपारच्या, दुकानात कुणी नसताना. मला म्हटल्या, अण्णा, पोती जोखायच्या काट्यावर जरा उभी राहू का? राहिल्या. त्रेचाळीस भरल्या. मला वाटलं माझंच काही चुकलं, मी परत जोखलं. त्रेचाळीस. म्हटल्या, साहेबांना सांगू नका, त्यांना कळलं तर जाणं मोडतील आणि दवाखान्यात नेतील. दवाखाना कुठं पळून जातोय, मला तेवढा डोंगर बघून येऊ द्या. मी शब्द दिला. वैनी वारल्या त्या दिवाळीपासून बोलायचं म्हणतोय, पण तुम्ही कधी विचारलं न्हाई."

मी मोहरीची एक पुडी उचलून हातात तोलली.

"काट्यावरून उतरताना त्यांनीच मला विचारलं," सातगोंडा म्हणाला, "अण्णा, तुमचा काटा कमी तर दाखवत नाही? मी म्हटलं, न्हाई वैनी, फेब्रुवारीतच साहेबांनी स्वतः तपासून शिक्का मारलाय. मग म्हटल्या, त्यांनी मारलाय? मग बरोबरच असणार."